न टेकलेला गुडघा

ब्राझीलच्या सीमेवर, उरुग्वायानाच्या ट्रेलर-यार्डात वाल्मोरला ओळखत नाही असा ड्रायव्हर नव्हता. पुलापलीकडून, अर्जेंटिनातून येणारे त्याला हात करत. साओ पावलोकडून येणारे हॉर्न देत. वाल्मोर हात वर करायचा नाही. मान जराशी हलवायचा. तेवढ्यावर लोक खूश असत.

त्याने एकतीस वर्षं घोडा चालवला. घोडा म्हणजे पुढची, इंजिनाची गाडी. मागच्या ट्रेलरला स्वतःचं काही नसतं, ना इंजिन, ना बसायला जागा. पंधराव्या वर्षी वाल्मोर ट्रेलरवर ताडपत्री बांधायला लागला आणि बाविसाव्या वर्षी घोड्यावर बसला. मेंदोसा, डोंगरापलीकडे सांतियागो, वर रेसिफेपर्यंत. एकदा एका पवनचक्कीचं पातं घेऊन तो अकरा दिवस चालला होता आणि वळणावळणाला उतरून झाडांच्या फांद्या मोजत होता. मग गुडघे गेले. क्लच दाबता येईना. तेव्हा तो यार्डात आला, त्याला सात वर्षं झाली.

बायको झुल्मिरा म्हणायची, आधी हा चार हजार किलोमीटर जायचा आणि महिन्याने घरी यायचा, आता चारशे मीटर जातो आणि तरी जेवायला उशीर करतो.

यार्डातलं काम सांगायला सोपं आहे. सांतियागोहून निघालेला ट्रेलर एकाच माणसाबरोबर शेवटपर्यंत जात नाही. एक घोडा त्याला डोंगर उतरवतो, दुसरा पुलापर्यंत आणतो, तिसरा पुढे नेतो. माल उतरेपर्यंत कोणी ड्रायव्हर थांबून राहत नाही. आणलेला ट्रेलर दोन लोखंडी पायांवर उभा करायचा, घोडा सोडवायचा, दुसरा तयार ट्रेलर जोडायचा आणि निघायचं. ज्याने सोडला आणि ज्याने उचलला त्यांची आयुष्यात गाठ पडत नाही. वाल्मोर हे ट्रेलर एका ओळीतून दुसऱ्या ओळीत लावायचा आणि नव्या ड्रायव्हरांना जोडणी शिकवायचा.

त्याचं शिकवणं ठरलेलं होतं. ट्रेलर अनाथ असतो, तो म्हणायचा, आज ज्याच्या हातात तोच त्याचा बाप. सोडून जाताना पुढच्या माणसाचा विचार करून सोडायचा. घोडा मागे घेतला की त्याची लोखंडी थाळी ट्रेलरच्या नाकाखाली शिरते. नाकाखालची जाड पिन थाळीतल्या जबड्यात बसते. खाडकन आवाज होतो. त्या आवाजावर जायचं नाही. ट्रेलरचं नाक वीतभर उंच राहिलं असेल तर पिन जबड्यात न शिरता जबड्यावर बसते, आणि आवाज तसाच होतो. मग ब्रेक लावलेल्या ट्रेलरला दोन हिसके द्यायचे. हिसके खाऊनही कधीकधी ती तशीच राहते. म्हणून खाली उतरायचं, गुडघा टेकायचा, बॅटरी मारायची आणि पिनेमागे जबडा मिटलाय हे डोळ्यांनी बघायचं.

पहिला महिनाभर नव्या ड्रायव्हरने बघितलेलं वाल्मोर पुन्हा बघायचा. तोही गुडघा टेकायचा. मग उठून ट्रेलरच्या कुशीवर तळहाताची एक थाप मारायचा. थाप पडली की निघायचं.

मारिस्तेला त्या पहिल्या महिन्यातल्या तिसऱ्या आठवड्यात होती. एकतीस वर्षांची, जाड वेणीची, हळू बोलणारी बाई. शहरात पाच वर्षं बस चालवली होती. तिचा बाप नेर्सी वाल्मोरचा रस्त्यावरचा सोबती. दोघांनी बर्फात अडकून एका डब्यातला भात नऊ दिवस पुरवला होता. नेर्सी जाऊन सहा वर्षं झाली. त्याचा मातेचा थर्मास आता मारिस्तेलाच्या घोड्यात असायचा. माते म्हणजे इकडचा कडू पाल्याचा चहा, सुक्या भोपळ्यात गरम पाणी ओतून नळीने पितात. तिला बापासारखं पूल ओलांडून मेंदोसाला जायचं होतं. यार्डाचा साहेब तेल्मो बाईला घोडा द्यायला कां-कूं करत होता, तेव्हा वाल्मोरनेच शब्द टाकला होता. ती त्याला काका म्हणायची.

मार्चमध्ये भाताची कापणी चालू असते. यार्डात पाय ठेवायला जागा नसते. त्या आठवड्याच्या सोमवारी वाल्मोर एका पिनेखाली वाकला आणि त्याचा गुडघा अडकला. उठताच येईना. दोघांनी काखेत हात घालून त्याला ओढून काढलं. गेटवरचा दार्सी लांबून ओरडला, "काका, क्रेन बोलवू का, की मुळासकट उपटायचं?" एकच भोपळा फिरवत गोलात माते पिणारे सगळे हसले. वाल्मोरही हसला. घरी गेल्यावर मात्र झुल्मिराला त्याने गुडघ्याचं काही सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी मारिस्तेलाने तांदळाच्या पोत्यांचा ट्रेलर जोडला. आदल्या दिवशी कोणा परक्या ड्रायव्हरने तो उंच पायांवर सोडला होता. अकरा वाजता तिची पूल ओलांडायची ठरलेली वेळ होती. मागे दोन घोडे हॉर्न वाजवत होते. डावीकडे आठ माणसं माते पीत उभी होती, सोमवारचीच आठ.

वाल्मोर चाकाशी उभा होता. त्याने उभ्यानेच बॅटरी मारली. ग्रीस दिसलं, आणि त्याच्या आत काळोख. पिन दिसली नाही. ती उभ्याने दिसत नसतेच.

मारिस्तेला दोन हिसके देऊन उतरली, बॅटरी घेऊन आली आणि वाकायला लागली. ती खाली बसली असती तर मग त्यालाही बसावं लागलं असतं.

"राहू दे," तो म्हणाला. "मी बघितलंय. जा तू, अकरा वाजतील."

ती अर्धी वाकलेली तशीच थांबली. तिने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग सरळ झाली, ट्रेलरचे पाय वर गुंडाळले आणि घोड्यावर चढली.

वाल्मोरने थाप मारली.

गेटपाशी चढ आहे आणि चढावरच वळण आहे. घोडा वर गेला आणि ट्रेलर मागे राहिला. त्याचं नाक थाळीवरून सरकलं, हवेच्या नळ्या तुटून फुत्कारल्या आणि तीस टनांचा ट्रेलर गेटच्या मधोमध पुढच्या अंगाने कोसळला. पुढची भिंत फाटली. तांदूळ चढावरून खाली वाहत आला. दार्सीने मातेचा भोपळा हातात धरून चौकीतून उडी मारली. कोणाला लागलं नाही. गेट मात्र चार वाजेपर्यंत बंद राहिलं. ट्रकांची रांग बसस्टँडपर्यंत गेली. पुढे आठवडाभर कबुतरं त्या चढावर येत होती.

ट्रेलर पाडला, याच्याइतकी वाईट गोष्ट या लोकांत दुसरी नाही. ठोकर होते, टायर फुटतो, माल भिजतो, ते नशीब म्हणून सोडून देतात. पाडलेला ट्रेलर माणसाच्या नावापुढे लागतो. अमका का, ज्याने ट्रेलर पाडला तो.

दुपारी तेल्मोने दोघांना ऑफिसात बोलावलं. तो वाल्मोरपेक्षा वीस वर्षांनी लहान होता आणि चिडला की आणखी हळू बोलायचा.

"पिन बघितलीस?" त्याने मारिस्तेलाला विचारलं.

"नाही."

"का?"

"घाई होती."

वाल्मोर वाट बघत होता. पुढचं वाक्य ती म्हणणार होती. ती फरशीकडे बघत राहिली.

तेल्मो त्याच्याकडे वळला. "वाल्मोर, तुम्ही?"

"मी थाप मारली," वाल्मोर म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

"म्हणजे हिने बघितलं असेल असं धरून मारलीत."

वाल्मोरची मान जराशी हलली.

कागदावर लिहिलं गेलं, ड्रायव्हरने खात्री केली नाही. मारिस्तेलाचा घोडा काढून घेतला. तिला यार्डात ठेवलं, वाल्मोरच्या हाताखाली. तेल्मो म्हणाला, तुमच्या भरवशाची मुलगी आहे, तुम्हीच नीट शिकवा. वाल्मोरने हेही ऐकून घेतलं.

लोकांनी तिला सोडलं नाही. कोणीतरी तिच्या खणाच्या दारावर खडूने गुडघे टेकलेला ट्रेलर काढला. दार्सी म्हणायचा, मारिस्तेला, जरा हळू चाल, तुला बघून ट्रेलर लाजून खाली बसतात. दोन दिवस तिने ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, चौकीतून मारलीस तशी उडी घरी कामाला मारली असतीस तर बायको टिकली असती. सगळे दार्सीला हसले. वाल्मोरला हसता आलं नाही. तिने स्वतःची बाजू कशी राखली हे त्याला दिसत होतं, आणि ती राखायची वेळ तिच्यावर कोणी आणली हेही.

ट्रेलर पाडणाऱ्याला मातेच्या गोलात कोणी नको म्हणत नाही. फक्त भोपळा फिरताना त्याच्यापाशी येऊन जरा रेंगाळतो. देणारा आधी पलीकडच्याला विचारतो, तू घेतोस का, आणि मग इकडे वळतो. वाल्मोरला भोपळा पूर्वीसारखाच मिळत होता. उलट काही जण त्याला म्हणाले, काका, तुमचा काय दोष, तुम्ही विश्वास टाकलात. तो नळीला तोंड लावायचा आणि गरम पाणी जीभ भाजत आत जायचं.

आणि ती त्याच्या जागी खाली बसू लागली. नवा ड्रायव्हर हिसके देऊन उतरला की वाल्मोर पुढे व्हायचा आणि ती आधीच गुडघ्यावर असायची. कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणायची, तुम्ही उभे राहा काका, मी बघते. उठून मान हलवायची. मग तो थाप मारायचा. असं दिवसातून वीस-पंचवीस वेळा.

तिला गुडघ्यांचं माहीत आहे हे त्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. ते तिला त्या गुरुवारीही माहीत असणार, हे लक्षात यायला आठवडा लागला. त्यानंतर तिचं ते तोंडाकडे बघणं त्याला सारखं आठवू लागलं.

मे महिन्यात एकदा दोघं ट्रेलरच्या सावलीत डबे खात बसले होते. तो पुष्कळ वेळ डब्याचं झाकण लावत-काढत होता.

"ऑफिसात का नाही सांगितलंस?" त्याने शेवटी विचारलं.

ती चावायची थांबली नाही. "काय सांगायचं? माझी गाडी होती. मी वाकले नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांवर जायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"तरी."

"आणि वाटलं, तुम्ही सांगाल." तिने डबा मिटला. "पहिले काही दिवस वाटत होतं."

ती उठून नळावर गेली. तो बसून राहिला. खरं म्हणजे उठायला हात द्यायला कोणी नव्हतं.

त्या दिवशी घरी त्याने भात बाजूला सारला. झुल्मिरा म्हणाली, दोन महिने झाले, तू भात खात नाहीस, आपल्या गावात भाताशिवाय काय शिजतं ते तरी सांग. मग त्याने सगळं सांगितलं. सोमवारचं, गुरुवारचं, ऑफिसातलं. ती हातातला डाव तसाच धरून ऐकत होती. त्याचं सांगून संपलं. त्याला बरं वाटायला लागलं होतं.

"हे मला सांगून काय उपयोग?" झुल्मिरा म्हणाली. "मी ट्रेलर चालवते का?"

दुसऱ्या दिवशी सांगायचं त्याने ठरवलं. तेल्मो गावाला गेला होता. तो आला तेव्हा त्याच्याकडे माणसं बसली होती. मग कापणीचा माल संपवायची धांदल होती. मग एका शुक्रवारी तेल्मो एकटाच होता, दार उघडं होतं, आणि वाल्मोर दारापर्यंत जाऊन हातमोज्यांची मागणी करून परत आला.

जुलैच्या थंडीत अकरा नवे ड्रायव्हर आले. तेल्मोने सगळ्यांना गेटपाशी गोळा केलं. चढावरच्या डांबरात ट्रेलरच्या नाकाने पाडलेली घळ अजून होती. तिथेच एक घोडा आणि ट्रेलर उभे केले होते. तेल्मोच्या हातात मार्चमधला कागद होता. मारिस्तेला मागे ग्रीसचं फडकं घेऊन उभी होती. तिला मुद्दाम बोलावलं होतं.

तेल्मोने नाव घेतलं नाही. इथल्याच एका ड्रायव्हरने, असं तो म्हणाला. अकरा माणसांपैकी निम्म्यांनी मागे वळून बघितलं. म्हणजे पुलापलीकडेही गोष्ट पोचली होती.

मग तेल्मो म्हणाला, वाल्मोर, दाखवा यांना कसं बघतात ते.

मारिस्तेला सवयीने पुढे आली. वाल्मोरने तिला हाताने थांबवलं. त्याने चाकाला धरून उजवा गुडघा टेकला. तो कटकन वाजला, पहिल्या रांगेतल्यांना ऐकू गेला. मग डावा. जमीन बर्फासारखी होती. त्याने बॅटरी मारली. पिन दिसली, तिच्यामागे मिटलेला जबडा दिसला. एवढं सोपं होतं.

"ही पिन," तो म्हणाला. "हा जबडा. इथूनच दिसतं, उभ्याने नाही."

तो थांबला. लोकांना वाटलं झालं.

"मार्चमध्ये इथे ट्रेलर पडला त्या दिवशी ही मुलगी बघायला वाकत होती. मी तिला थांबवलं. मी बघितलंय म्हणालो. मी बघितलं नव्हतं."

पुलाकडून एक हॉर्न आला.

"वाल्मोर," तेल्मो हळूच म्हणाला, "आधी उठा."

"उठता येत नाही," वाल्मोर म्हणाला. "म्हणूनच बघितलं नव्हतं."

दार्सी चौकीच्या दारात उभा होता. तो आला, एका नव्या ड्रायव्हरने दुसऱ्या बाजूने हात घातला, आणि दोघांनी त्याला उभं केलं. विजारीचे गुडघे ओले झाले होते. वाल्मोरने वर बघितलं तेव्हा मारिस्तेला जागेवर नव्हती. ग्रीसचं फडकं घोड्याच्या पायरीवर ठेवलेलं होतं, नीट घडी करून.

ती त्याला संध्याकाळी नळावर भेटली, हात घासत होती. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. नेर्सीचं नावसुद्धा घ्यायचं होतं. ते त्याने घेतलं नाही हे बरं झालं.

"चार महिने, काका," ती म्हणाली. तिने नळ बंद केला. "माझ्या आईने बाजारात जाणं सोडलं होतं."

ती हात पुसून निघून गेली.

ऑगस्टमध्ये तिला घोडा परत मिळाला. वाल्मोरला तेल्मोने काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं त्याला काही दिवस वाटलं. थाप मारायचं काम दुसऱ्याला दिलं. वाल्मोरकडे एवढंच ठेवलं की ट्रेलर योग्य उंचीवर उभे करायचे आणि जोडल्यावर एकदा बघायचं. त्याच्या बघण्यावर आता काही ठरत नव्हतं. तो तांदळाचं एक रिकामं पोतं घडी करून काखेत ठेवायचा, ते अंथरायचा, त्यावर गुडघे टेकायचा आणि चाकाला धरून आपला आपण उठायचा. मातेच्या गोलातले बघत असायचे. उठायला त्याला मिनिट लागायचं. हसत कोणी नव्हतं. भोपळा त्याच्यापाशी येऊन जरा रेंगाळायचा.

ऑक्टोबरमध्ये मारिस्तेला मेंदोसाहून आली. आणलेला ट्रेलर तिने सोडला. वाल्मोर नंतर जाऊन बघून आला. नाक अगदी हवं तेवढंच खाली होतं, पुढच्याला हात लावायला नको. मग ती तिसऱ्या ओळीतला ट्रेलर न्यायला आली. घोडा मागे घेतला. खाडकन आवाज झाला. दोन हिसके दिले.

ती उतरून, हातमोजे चढवून येईपर्यंत वाल्मोर पोत्यावर बसून बघून उठला होता. पिन स्वच्छ बसली होती. जबडा पूर्ण मिटला होता. त्याने दोनदा बघितलं होतं.

"बघितलंय," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

तिने बॅटरी काढली. वाल्मोरने पोतं तिच्यापुढे सरकवलं. तिने ते बघितलं आणि शेजारच्या खडीवर गुडघा टेकला. तिथून ती वाकून आत बघत राहिली. वाल्मोरला तो वेळ फार मोठा वाटला. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

ती उठली, गुडघ्याची खडी झटकली, ट्रेलरचे पाय गुंडाळले. थाप मारणारा माणूस आला आणि थाप मारून गेला. खिडकीतून ती म्हणाली, "येते, काका." एवढंच, बाकीच्यांना म्हणायची तसंच.

गाडी गेटकडे निघाली. वाल्मोर पोतं हातात घेऊन उभा राहिला. चढ आला, वळण आलं, घोडा वर गेला, आणि मागोमाग ट्रेलर गेला. वळणावर तिने आरशात बघून हॉर्न दिला, की पुढच्या कोणाला दिला, ते कळलं नाही.

वाल्मोरने मान हलवली नाही.